खुश्कसाली आभाळाची, कहत माणसांचा

'आफ्रिकेतील देशांत दुष्काळ का पडतो?' हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गाला दरवर्षी घालतो आणि उत्तरही दरवर्षी तेच येते. 'तेथे पाऊस कमी पडतो, वाळवंट आहे आणि लोकसंख्या जास्त आहे.' आम्हीही त्यावर बरोबरची खूण करून तीनपैकी तीन गुण देत आलो. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, पाऊस तर आपल्या माणदेशातही कमी पडतो. मग तिथं माणसं भुकेनं का मरत नाहीत?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो. पण प्रश्न घरापर्यंत आला. त्या मुलीला द्यायचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. कारण ज्या देशांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांतले बरेच देश आपल्याच दीनी भावंडांचे आहेत. त्यांच्यासाठी आपण रमजानमध्ये दुआ करतो, सदका काढतो आणि मग 'अल्लाहची मर्जी' म्हणून विषय संपवतो.

दोन शब्द, दोन गोष्टी

बोलताना आपण 'दुष्काळ' हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. पाऊस पडला नाही तरी दुष्काळ आणि माणसे अन्नाविना मेली तरी दुष्काळ. उर्दूत मात्र यासाठी दोन वेगळे शब्द रूढ आहेत. पाऊस न पडणे म्हणजे खुश्कसाली. माणसांना अन्न न मिळणे म्हणजे कहत. मराठीतही पहिल्यासाठी 'अवर्षण' हा चांगला शब्द आहे, पण तो पाठ्यपुस्तकातच राहिला.

हा भेद केवळ भाषेचा नाही. जगभरच्या अन्नतज्ज्ञांनी कहत जाहीर करण्यासाठी कसोट्या ठरवल्या आहेत. एखाद्या भागात दर पाच घरांमागे किमान एका घरात अन्नाची कमालीची टंचाई असली पाहिजे, शंभरातली तीस किंवा त्याहून अधिक लहान मुले तीव्र कुपोषित असली पाहिजेत आणि दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू होत असले पाहिजेत. या कसोट्यांत पावसाचा उल्लेखच नाही. किती मिलिमीटर पाऊस पडला हे तेथे कोणी विचारत नाही. घरात किती अन्न आहे आणि किती माणसे दगावली एवढेच विचारतात.

सोमालियाचे दोन पाऊस

उदाहरण म्हणून सोमालिया घेऊ. आफ्रिकेच्या नकाशावर पूर्वेकडे समुद्रात शिंगासारखा घुसलेला हा देश जवळजवळ संपूर्ण मुस्लिम आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडा मोठा आहे आणि लोकसंख्या मात्र दोन कोटींच्याही आत. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी माणसे होती. म्हणजे 'लोकसंख्या जास्त' हे आमच्या मुलांचे उत्तर येथेच गळून पडते.

पाऊस तेथे वर्षातून दोनदा येतो. एप्रिल ते जून या काळातल्या पावसाला 'गू' म्हणतात, तर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसाला 'देयर'. देशाच्या दक्षिणेत जुबा आणि शबेले या दोन नद्या इथिओपियाच्या डोंगरांतून पाणी घेऊन येतात. या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात बाय नावाचा प्रांत आहे. तेथे पिकते काय, तर ज्वारी. तांबडी ज्वारी. शेतकरी ती जमिनीत खड्डा करून साठवतात. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात ज्याला पेव म्हणत, तेच. इतर मोठी लोकसंख्या उंट, शेळ्या, मेंढ्या आणि गाई घेऊन चाऱ्यामागे फिरणाऱ्यांची.

हे पाऊस हिंदी महासागराच्या आणि प्रशांत महासागराच्या तापमानावर अवलंबून असतात. ला निना आली की पूर्व आफ्रिकेचा देयर पाऊस बहुधा दगा देतो. २०१० च्या अखेरीस तेच घडले आणि २०११ चा गूही नीट बरसला नाही. पुढे २०२० च्या अखेरीपासून तर लागोपाठ पाच हंगाम कोरडे गेले. जग तापते आहे तसतशी ही दोन टोके वाढत चालली आहेत. एकदा कोरडे, एकदा महापूर. २०२३ च्या शेवटी त्याच सोमालियात पुराने लाखो लोक बेघर झाले. यात त्या लोकांचा दोष किती? सगळ्या आफ्रिका खंडातून निघणारा कार्बन वायू जगाच्या सुमारे चार टक्केच आहे. धूर दुसऱ्यांचा आणि भट्टी यांच्या अंगणात, असा हा प्रकार आहे.

एवढी झाली खुश्कसाली. आता कहत कसा येतो ते पाहू.

शेळी आणि ज्वारीचा हिशेब

पाऊस गेला की पहिल्या दिवशी कोणी उपाशी मरत नाही. धनगराकडे शेळ्या असतात, शेतकऱ्याकडे पेवात थोडी ज्वारी असते. चारा संपत आला की धनगर शेळी बाजारात नेतो. पण त्याच दिवशी शेकडो धनगर शेळ्या घेऊन आलेले असतात. शेळ्या हाडकुळ्या आणि घेणारे कमी, म्हणून शेळीचा भाव पडतो. इकडे ज्वारी पिकली नाही म्हणून तिचा भाव चढतो. पूर्वी एका शेळीत महिनाभराचे धान्य येत असेल, तर आता आठवड्याचेच येते. मग पुढच्या आठवड्यात दुसरी शेळी. ज्याला रोजंदारीवरच पोट भरायचे, त्याला तर शेतात कामच उरत नाही.

बाजारात धान्याची पोती दिसतात, पण माणूस त्यांच्यासमोरून रिकाम्या हाताने परततो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात नेमके हेच दाखवले. १९४३ चा बंगाल आणि १९७० च्या दशकातला इथिओपिया तपासून त्यांनी म्हटले की, अन्न नसणे आणि अन्न विकत घेण्याची ऐपत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कहतात माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने मरतो.

सोमालियाच्या शेळ्या-मेंढ्यांचा आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. बर्बेरा बंदरातून दरवर्षी लाखो जनावरे सौदी अरेबियाला जातात. हजच्या कुर्बानीची कितीतरी जनावरे तेथलीच असतात. २००० साली जनावरांच्या रोगाच्या भीतीने सौदीने ही आयात बंद केली आणि ती नऊ वर्षे बंदच राहिली. रोगाची भीती खरीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या देशाच्या हाती विकायला जनावरांखेरीज फारसे काही नाही, त्याचा सर्वांत मोठा बाजार एका आदेशाने बंद होतो, तेव्हा पावसाचा एक थेंबही कमी न होता गरिबी वाढते.

२०११ : वेळेवर कळले, वेळेवर हललो नाही

सोमालियात पाऊस हुकणार असा इशारा हवामान आणि अन्नतज्ज्ञ २०१० च्या ऑगस्टपासून देत होते. एकदा नव्हे, वारंवार. पण दक्षिण सोमालियाचा मोठा भाग अल-शबाबच्या ताब्यात होता. सरकारी फौजा आणि त्यांच्या मदतीला आलेल्या परदेशी फौजांशी त्यांची लढाई चालू होती. अल-शबाबने अनेक मदत संस्थांना आपल्या भागात बंदी घातली. धमक्या आणि खंडणीच्या मागण्यांमुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्येच दक्षिणेतले काम थांबवले होते. दुसरीकडे अमेरिकेचा दहशतवादविरोधी कायदा असा होता की, धान्याचे एखादे पोते अल-शबाबच्या हाती पडले तरी मदत करणारा गुन्हेगार ठरण्याची भीती. त्यामुळे अमेरिकेची मदतही मोठ्या प्रमाणावर आटली. एकाने दार आतून लावले, दुसऱ्याने बाहेरून कडी घातली. मध्ये अडकली ती माणसे.

२० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण बकूल आणि लोअर शबेले या भागांत कहत जाहीर केला. त्यानंतर दूरचित्रवाणीवर हाडांचे सापळे झालेली मुले दिसू लागली. दहा-बारा दिवसांत रमजान सुरू झाला. आपल्यापैकी अनेकांनी इफ्तारच्या वेळी ती दृश्ये पाहिली असतील आणि घास घशात अडकला असेल. मग मदतीचा ओघ सुरू झाला. ऑगस्टमध्ये मुस्लिम देशांची संघटना इस्तंबूलला जमली आणि पस्तीस कोटी डॉलर्सची वचने दिली गेली. तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान कुटुंबासह मोगादिशूला गेले.

पण तोवर काय झाले होते? नंतर झालेल्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सोमालियात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे दगावली. त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती. आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कहत जाहीर होण्याच्या आधीच होऊन गेले होते. म्हणजे आपल्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा लाखभर माणसे दफन झालेली होती.

मुले केवळ भुकेने गेली असेही नाही. गाव सोडून शेकडो किलोमीटर चालत लोक मोगादिशूत आणि केनियातल्या दादाबच्या छावणीत पोहोचले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्वद हजार लोकांसाठी उभारलेल्या या छावणीत तेव्हा चार लाखांहून अधिक माणसे कोंबली गेली. अशक्त मुलाला गोवर झाला की ते वाचत नाही. दूषित पाण्याने हगवण लागली की दोन दिवसांत संपते. लस आणि स्वच्छ पाणी मिळते, तर कितीतरी मुले उपाशीपोटीही जगली असती.

कोण मेले, हेही विचारू या

कहत सर्वांना सारखा गाठत नाही. १९९१-९२ आणि २०११ या दोन्ही वेळी सर्वांत जास्त मेले ते नद्यांकाठचे आणि बाय-बकूलचे शेतकरी. ते रहनवेन समाजाचे आणि बंटू वंशाचे. सोमालियात टोळी म्हणजे विमा आणि बँकसुद्धा. ज्या टोळीचे लोक लंडन, दुबई, नैरोबीत आहेत, त्यांच्या घरी हवालामार्गे पैसे येतात. परदेशातले सोमाली वर्षाला एक अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम घरी पाठवतात असा अंदाज आहे. पण या गरीब शेतकऱ्यांचे परदेशात फार कोणी नव्हते आणि त्यांच्या हाती बंदूकही नव्हती.

त्यांची जमीन आधीच हातातून गेली होती. इटालियन राजवटीत शबेलेच्या काठी गोऱ्यांचे केळीचे आणि उसाचे मळे उभे राहिले. पुढे सियाद बर्रे यांच्या राजवटीत १९७५ साली जमिनीचा नवा कायदा आला. सर्व जमीन सरकारची आणि ज्याच्या नावे नोंद त्याला ती वहिवाटायला. राजधानीतल्या बड्या अधिकाऱ्यांनी नद्यांकाठच्या जमिनी आपल्या नावे करून घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा निरक्षर शेतकरी स्वतःच्याच शेतात मजूर झाला. जानेवारी १९९१ मध्ये बर्रे यांची सत्ता कोसळली तेव्हा त्यांच्या सैन्याने आणि मग विरोधी टोळ्यांनी बाय प्रांत आळीपाळीने तुडवला. ज्वारीची पेवे उपसून नेली. जनावरे हाकून नेली. बायदोआ शहराला तेव्हा लोक 'मृत्यूचे शहर' म्हणू लागले. पेवात धान्य असते तर एखादा कोरडा हंगाम त्या शेतकऱ्याने काढला असता. त्याने अनेक काढलेही होते.

झाडांचीही तीच गत झाली. बाभळीची जुनी झाडे तोडून कोळसा पाडायचा आणि तो जहाजाने आखाती देशांत पाठवायचा, हा धंदा युद्धखोरांनी वाढवला. त्या कोळशावर तेथे हुक्के पेटले, कबाब भाजले गेले आणि पैसा बंदुकांत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०१२ मध्ये या कोळशाच्या व्यापारावर बंदी घातली. आपल्या कोकणातली कितीतरी घरे आखातात नोकरी करतात. तेथल्या मेजवानीतला निखारा कोठून आला, हे त्यांना कधी कोणी सांगितले नसेल. झाड गेले की सावली आणि चारा जातो, पडलेला पाऊसही जमिनीत मुरत नाही. म्हणजे पुढच्या खुश्कसालीची तयारी माणसानेच करून ठेवली.

पाऊस नसतानाही जगलेले

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतो. रेशनवरचा तांबडा मिलो, वाटपाची सुकडी, रस्त्याच्या कामावर फोडलेली खडी. त्याच सुमारास आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा, सहेल नावाचा पट्टाही कोरडा पडला होता. तेथे सुमारे लाखभर माणसे मेल्याचा अंदाज आहे. महाराष्ट्रात तसे झाले नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दोन दुष्काळांची तुलना केली तेव्हा दिसले की, महाराष्ट्रातले पीक काही कमी बुडाले नव्हते. फरक एवढाच की, १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख मजूर सरकारी कामांवर होते. हातात मजुरी होती म्हणून बाजारातले धान्य घरात आले. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्रास झाला, कर्ज झाले, गुरे गेली, पण माणसे वाचली.

'हे आपल्याकडे जमते, आफ्रिकेत नाही' असे कोणी म्हणेल, तर बोत्सवाना पाहावा. १९८२ ते १९८७ अशी सलग वर्षे तेथे पाऊस नव्हता. तरी कहत पडला नाही. निवडून आलेल्या सरकारने कामे काढली आणि मुलांना शाळा-दवाखान्यांतून अन्न दिले. इथिओपियाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९८४ मध्ये तेथे लाखो लोक मेले, कारण लष्करी राजवट आपल्याच उत्तरेकडच्या प्रांतांशी लढत होती आणि भुकेचा हत्यारासारखा वापर करत होती. २०१५-१६ मध्ये त्याच देशात पुन्हा भीषण अवर्षण आले, पण २००५ पासून चालू असलेल्या अन्न-रोजगार योजनेमुळे आणि वेळेवर आलेल्या मदतीमुळे कहत टळला. आणि २०२० मध्ये तिग्राय प्रांतात युद्ध पेटताच तेथे पुन्हा लाखो लोकांवर उपासमार ओढवली.

सुदानने तर उरलीसुरली शंकाही मिटवली. निळ्या आणि पांढऱ्या नाईलचा हा देश. १९२५ पासूनची गेझिरा योजना ही जगातल्या मोठ्या कालवा-शेतींपैकी एक. एके काळी सुदान अरब जगाचे धान्यकोठार होईल असे बोलले जाई. एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींचे सैन्य एकमेकांवर तुटून पडले. शेते ओस पडली, गोदामे लुटली गेली, मदतीचे ट्रक अडवले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरच्या झमझम छावणीत कहत असल्याचे जाहीर झाले. तेथे पाणी आटले नव्हते, माणुसकी आटली होती.

आपल्या इतिहासातला धडा

हजरत यूसुफ (अलै.) यांचा किस्सा आपण मुलांना सांगतो. तो घडला तेही आफ्रिकेतच, मिस्रमध्ये. सात सुकाळाची वर्षे, सात कोरडी वर्षे. कोरडी वर्षे टळली नाहीत. पण धान्य कणसासकट साठवले, वाटपावर अमानतदार माणूस बसवला आणि लोक वाचले.

हिजरी १८ मध्ये हिजाजात भयंकर खुश्कसाली आली. जमिनीची राख झाली म्हणून इतिहासात त्या वर्षाला 'आम-उर-रमादा' म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांनी शाम आणि इतर प्रांतांकडून धान्याचे काफिले मागवले, मदिनेत आलेल्या उपाशी लोकांना सरकारी लंगर घातले, त्या वर्षीची जकात वसुली पुढे ढकलली आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्याची शिक्षा थांबवली. लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप-मांसाला हात लावला नाही. पावसासाठी नमाज पढली, दुआही केली. पण काफिल्यांना पत्रे लिहिणे थांबवले नाही. दुआ आभाळाकडे आणि हिशेब जमिनीवर, असा तो कारभार होता.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, मदत वेळेवर द्यावी. २०२२ मध्ये सोमालियात कहताची औपचारिक घोषणा झाली नाही, तरी अवर्षणामुळे सुमारे ४३ हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले. देशाचा गहू जवळपास नऊ दशांश रशिया आणि युक्रेनमधून येत होता आणि तिकडे युद्ध पेटले. तेथे 'कहत' हा शब्द छापून येण्याची वाट पाहिली असती, तर मदत आणखी उशिरा गेली असती. आपल्या जकात-सदक्यातला वाटा बाहेरच्या संकटासाठी द्यायचा असेल, तर नोंदणीकृत आणि हिशेब दाखवणाऱ्या संस्थेकडे, चित्रे येण्याआधी द्यावा.

दुसरी गोष्ट, जेथे भूक आहे तेथे रस्ता कोणी अडवला, हे विचारावे. अडवणारा आपल्या दीनाचे नाव घेणारा असला तरी विचारावे. मुसलमानाने मुसलमानाची भाकरी अडवली, हे सांगताना जीभ जड होते, पण ते झाकून उम्मतचे भले होणार नाही.

तिसरी गोष्ट घरातली. मुलांनी विचारले की 'अल्लाहने त्यांना पाऊस का दिला नाही?', तर त्यांना खुश्कसाली आणि कहत यांतला फरक सांगावा. पाऊस अल्लाहच्या हाती आहे. पेव भरणे, रस्ता उघडा ठेवणे आणि शेजाऱ्याच्या चुलीकडे लक्ष ठेवणे हे आपल्या हाती दिले आहे. त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

पुढच्या चाचणीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा घालणार आहोत. 'पाऊस कमी पडतो' एवढे लिहिणाऱ्याला यापुढे तीनपैकी एकच गुण मिळेल. इतकी वर्षे तीन दिले, त्या चुकीची कबुली आम्ही त्या वर्गापुढे दिली आहे आणि येथेही देतो.